पाहुण्यासमोर कोट काढत नाहीत

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना ओळखत नाही असा माणूस भोरात सापडला नसता, आणि ते आपल्याला कळले असं म्हणणाराही सापडला नसता. मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिलो, त्यांच्याच शाळेत गणित शिकवलं, त्यांच्याच पंक्तीला बसून भाकरी खाल्ली. तरी आज कोणी विचारलं की ते गृहस्थ शहाणे होते की चक्रम, तर मी खाकरतो आणि विषय बदलतो. उदाहरण सुटलं नाही तर मला जेवण जात नाही, असा माझा स्वभाव. हे एक उदाहरण मात्र न सुटलेलं घेऊन मी इतकी वर्षं जेवतो आहे.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. भोरला संस्थान होतं, दरबार होता, आणि आमची शाळा मात्र गावातल्या चार मंडळींनी नीरेच्या अंगाला एका रिकाम्या वखारीत काढलेली, खासगी. आता ती शाळा नाही आणि वखारही नाही. मी किकवीचा. नोकरी लागल्याचं कळलं तसा ट्रंक घेऊन टांग्यानं भोरला आलो आणि बाजारात उतरून पहिला जो माणूस दिसला त्याला विचारलं, की इंग्रजीचे मास्तर कुठे राहतात. त्या माणसाच्या अंगात धोतर-सदरा होता आणि खांद्यावर एक काळा कोट, गुराखी घोंगडी टाकतात तसा घडी करून टाकलेला.

"म्याच की त्यो," तो माणूस म्हणाला. "तुमी गनिताचं नवं मास्तर न्हवं का? बरं, कोट म्हंजे काय?"

मी गडबडलो. म्हटलं, कोट म्हणजे कोट. अंगात घालायचा.

"म्या तर खांद्यावर टाकलाय. मग ह्यो काय झाला?"

मास्तरांनी माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि ते चालायला लागले. ज्याच्याकडे राहायला जागा मागायची त्या घरमालकाच्या डोक्यावर आपली ट्रंक, आणि आपण मागून रिकाम्या हातांनी, अशा थाटात मी भोरमध्ये राहायला गेलो.

मास्तर मूळचे वेल्ह्याकडचे, डोंगरातल्या एका वाडीतले. घरची भातशेती. त्या खोऱ्यात इंग्रजी शिकलेला तो पहिलाच माणूस असावा. कुठल्याशा मिशनऱ्याकडे राहून ते शिकले होते, आणि त्यांचं इंग्रजी इतकं साफ होतं की पुण्याहून येणारे वकील त्यांच्यासमोर इंग्रजी बोलायला कचरत. पण मराठी बोलायला लागले की थेट वाडीवरची. पुस्तकी मराठी त्यांना येत होती, पण ते ती बोलत नसत. का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "येक परकी भाषा बास झाली की."

आता कोटाचं. हल्लीच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण त्या काळी आमच्या भागात कोट हा कपडा नव्हता, तो हुद्दा होता. मुलगा कोटात आहे म्हणजे तो नोकरीत आहे. अमक्याचा कोट उतरला म्हणजे त्याची नोकरी गेली. मुलगी द्यायची तर आधी विचारत, नवरा कोटातला की नांगरावरचा. धोतरावर काळा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या आणि डोक्याला टोपी असली की पाणक्यासुद्धा त्या माणसाला रावसाहेब म्हणायचा. एकदा अंगावर चढलेला कोट चैत्र-वैशाखातही उतरत नसे. घामाच्या धारा लागत, पण माणूस गुंडी काढत नसे.

मास्तरांना हे अजिबात मान्य नव्हतं. इंग्रजांनी हा शब्द कशाकशाला वापरलाय ते बघा, असं त्यांचं म्हणणं. "घोड्याच्या अंगावरच्या केसास्नी त्ये कोट म्हनत्यात. भिताडाला रंगाचा हात मारला, की म्हनत्यात येक कोट झाला. ह्यात हुद्दा कुठं आला? सांगा की." मी म्हणायचो, मग अर्थ काय धरायचा? तर सोमवारी ते म्हणत, वरनं जे दिसतं ते कोट. बुधवारी म्हणत, थंडी वाजती म्हनून जे घेतो ते कोट. शनिवारी म्हणत, अजून म्या इचार करतोय. त्यांचे विद्यार्थी बिचारे प्रत्येक अर्थ पाठ करत. परीक्षेत एकानं लिहिलं होतं की माझे वडील भिंतीला कोट घालतात आणि घोडा जन्मापासून नोकरीत आहे. मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले.

पहिल्या इयत्तेला पहिलं वाक्य इतर ठिकाणी शिकवतात ते मांजराचं किंवा पुस्तकाचं. मास्तर शिकवत, 'टेक ऑफ युवर कोट.' तुझा कोट काढ. प्रत्येक पोरानं पुढे यायचं, मास्तरांचा तो भलामोठा कोट अंगात चढवायचा आणि वर्गानं एका सुरात ते वाक्य म्हटलं की तो काढून खुर्चीवर ठेवायचा. पोरं कोटात बुडून जायची. बाह्या गुडघ्यापर्यंत यायच्या. वर्ग ओरडायचा, वखारीचे पत्रे हादरायचे, आणि मधल्या बांबूच्या तट्ट्यापलीकडे माझे अपूर्णांक पार वाहून जायचे.

मी एकदा चिडून विचारलं, "मास्तर, आधी कोट घालायचं वाक्य तरी शिकवा. ही पोरं जन्मात कोट घालणार की नाही याचा पत्ता नाही, आणि तुम्ही काढायला शिकवताय."

"घालाया सगळा गाव शिकवतोय त्यास्नी," मास्तर शांतपणे म्हणाले. "काडाया कोन शिकवनार?"

स्वतः ते कोट घालत नसत ते का, याचंही मला सरळ उत्तर कधी मिळालं नाही. गांधीवाले म्हणावेत तर टोपी वेगळी होती. गरिबी म्हणावी तर कोट चांगला, बाजारातल्या शिंपीचाचांनी लग्नात शिवून दिलेला. एकदाच म्हणाले, "घातला की माजं हात हालत न्हाईत. फळ्यापत्तुर जात न्हाईत आन् पोरापत्तुरबी जात न्हाईत." हे मात्र खरं असावं. त्यांचं शिकवणं सगळं हातांत होतं. नदीचा शब्द आला की दोन्ही हात पसरून वर्गभर वाहायचे, नांगर आला की एका पोराला बैल करून जुंपायचे. मला हे सगळं पोरकट वाटायचं. पण त्यांच्या वर्गातली डोंगरातली पोरं रस्त्यात भेटली की माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि मलाच शब्द सापडत नसत.

तर असा तो कोट. पावसात ते तो डोक्यावर खोळ करून घेत. पाहुणा आला की अंथरत. उत्रोलीला कोणाकडे भाताची काढणी होती म्हणून एका रविवारी गेले आणि कोटाची चुंबळ करून दिवसभर पेंढ्या वाहिल्या. सोमवारी शाळेत कोट आला तो भाताच्या वासाचा. मास्तरीणबाई कपाळाला हात लावायच्या. "सगळी मानसं आंगात घालत्यात. यांच्या कोटानं दुनिया बगितली, यांचं आंग तेवडं न्हाई बगितलं," असं त्या मला सांगायच्या, मास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग आमच्याकडे नवे हेडमास्तर आले. ते पुण्याकडचे. सडसडीत, ताठ, मितभाषी. कोट नेहमी गळ्यापर्यंत लावलेला, कॉलर परीटघडीची, बाहीतून पांढरे शुभ्र कफ नेमके तेवढेच बाहेर. चालतानासुद्धा हात अंगाला धरून चालत. गावात त्यांचं वजन होतं. मलाही ते फार आवडले, कारण त्यांच्यात मला काही गोंधळ दिसला नाही. शाळेला सरकारमान्यता मिळवायची हा त्यांचा ध्यास होता. मान्यता मिळाली तर शाळा टिकेल, नाहीतर पुढच्या वर्षी वखारीत पुन्हा गुळाच्या ढेपा लागतील, हे ते आम्हाला वारंवार सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मास्तरांचं आणि त्यांचं बिनसलं ते एका घोड्यावरून. पौषातली सकाळ होती. बाजारात टांग्याचा म्हातारा घोडा थंडीनं थरथरत उभा होता. मास्तर तिथून चालले होते. त्यांनी आपला कोट घोड्याच्या पाठीवर टाकला, पुढून गळ्याशी गुंडी लावली आणि ते शाळेत निघून आले. टांगेवाल्याला वाटलं, इंग्रजीच्या मास्तरांनी घातलाय म्हणजे काहीतरी कारण असणार. त्यानं तो दुपारपर्यंत काढला नाही. बाजारात माणसं घोड्याला नमस्कार करून जाऊ लागली. "हेडमास्तर, आज शाळा न्हाई जनू," असं कोणीतरी घोड्याला म्हणालं, आणि नेमके त्याच वेळी खरे हेडमास्तर मधल्या सुट्टीत भाजीची पिशवी घेऊन मागे उभे होते.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बोलावलं. मी तिथेच होतो.

"मास्तर, तुम्ही मुद्दाम केलंत?"

"न्हाई जी. त्याला थंडी वाजत हुती."

"त्याला त्याचा कोट जन्मतःच असतो असं तुम्हीच वर्गात सांगता."

"व्हय, पर त्यो म्हातारपनी इरतोय की," मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांचा चेहरा एकदम उतरला. मला तेव्हा वाटलं की रागानं. त्यांनी स्वतःच्या कोटाची वरची गुंडी चाचपली. मग म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक शिक्षक शाळेत कोट घालून येईल आणि घंटा होईपर्यंत तो अंगावरच राहील. चैत्रात पुण्याहून साहेब पाहणीला येणार आहेत. त्या दिवशी तुमच्या अंगावरून कोट उतरलेला दिसला, तर तुम्ही दुसरी शाळा बघा. मी हे रागाच्या भरात बोलत नाहीये."

घरी येऊन मास्तरांनी हे मास्तरीणबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढून उठल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्या आजपत्तुर गंमत म्हनून बोलत आले. आता गंमत न्हाई. पोरगीला पुढच्या सालाला उजवायची हाय. तेवडा येक दीस घाला. तुमच्या पाया पडते." शाळेत मास्तरांचे आणि हेडमास्तरांचे रोजचे वाद चालूच राहिले, कोट खुर्चीवरच राहिला, हेडमास्तर दारातून बघून जात राहिले. पण साहेब यायच्या दिवशी सकाळी मास्तर घरातून निघाले ते कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. मास्तरीणबाईंनी दारात उभं राहून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसू आलं म्हणून की रडू, मला समजलं नाही.

चैत्र होता आणि वखारीचे पत्रे तापले होते. साहेब चांगला, उंच, लाल चेहऱ्याचा, बोलका माणूस. सगळे वर्ग हिंडून झाल्यावर तो मास्तरांच्या वर्गात येऊन उभा राहिला. पोरं ताठ बसलेली. आम्ही सगळे शिक्षक ओळीनं भिंतीशी, हेडमास्तर आमच्या पुढे, साहेबाच्या समोर. साहेबानं रुमालानं मान पुसली, हसला, स्वतःचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाला की सद्गृहस्थहो, या उकाड्यात औपचारिकपणा पुरे. मग त्यानं ते वाक्यच उच्चारलं. कोट काढा.

पोरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. त्यांचं वाक्य, त्यांच्या मास्तरांचं वाक्य, खुद्द साहेबाच्या तोंडून आलं होतं. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर नुसते फुलून गेले होते. त्यांनी भराभर गुंड्या काढल्या आणि एक हात बाहीतून बाहेरही काढला. इतक्या महिन्यांचा वाद त्यांनी एका क्षणात जिंकला होता, आणि तोही साहेबाच्या हुकमानं. मीसुद्धा गुंडीला हात घातला.

हेडमास्तर मात्र हलले नाहीत. साहेबाला वाटलं, ते संकोचतायत. त्यानं हसत पुढे होऊन त्यांच्या कोटाची वरची गुंडी काढली आणि खांद्यावरून कोट जरा मागे सारला, मित्राचा सारतात तसा. कोट पाठीवर वीतभर घसरला. साहेब पुढून होता, त्याला दिसली ती कॉलर आणि सदऱ्याची पुढची पांढरी बाजू. आम्ही मागे होतो. मागे सदरा नव्हता. कॉलर होती, तिच्याखाली उघडी पाठ होती, आणि पाठीवर घामोळं. माझ्या शेजारी मास्तर होते. इतरांच्या नजरा साहेबावर होत्या, त्यामुळे पाहिलं ते आम्ही दोघांनीच.

पुढे शिंपीचाचांनी मला सांगितलं. हेडमास्तरांच्या घरात आजारी भाऊ, त्याचीही मुलं, यांचीही मुलं. नवं कापड आलं की ते पोरांच्या अंगावर जायचं. यांच्या सदऱ्याची कॉलर विरली की पाठीचा तुकडा कापून तिथे बसवायचा, कफ विरले की परत पाठीचाच. "पाठ कोन बगतंय चाचा, असं म्हनायचे," चाचा म्हणाले, "आन् मी बी सिवून द्यायचो." हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त ती पाठ दिसली आणि माझं डोकं चालेनासं झालं.

मास्तरांचं चाललं. त्यांनी बाहेर काढलेला हात पुन्हा बाहीत घातला. गुंड्या लावल्या, खालपासून गळ्यापर्यंत, सगळ्या. दोन पावलं पुढे होऊन ते साहेब आणि हेडमास्तर यांच्या जवळ गेले आणि आपल्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "माफ करा साहेब. आमच्याकडे पाहुण्यासमोर कोट काढत नाहीत. तो पाहुण्याचा अपमान समजतात. ही इथली फार जुनी रीत आहे."

अशी रीत भोरात नव्हती. वेल्ह्यातही नव्हती. साहेब चपापला. त्यानं हेडमास्तरांचा कोट चटकन सोडला, दोनदा माफी मागितली, आणि खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलून अंगात घातला. मग आम्ही सगळे गळ्यापर्यंत गुंड्या लावून त्या भट्टीत तासभर उभे राहिलो. साहेबाचा चेहरा लालाचा जांभळा झाला होता. जाताना तो म्हणाला की इथली माणसं अभिमानी आहेत आणि शाळा चांगली आहे. मान्यता मिळाली.

साहेब गेल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मास्तर, खरंच रीत हाय व्हय ही?"

"हाय," मास्तर म्हणाले.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. साहेबानं आपल्या रीतीचा मान राखला म्हटल्यावर ती रीत सगळ्यांनाच एकदम आठवली. म्हातारी माणसं सांगू लागली की त्यांच्या आज्याच्या वेळेपासून आहे. त्या वैशाखात एका लग्नात नवरदेव बोहल्यावर घेरी येऊन पडला, पण वऱ्हाडानं त्याचा कोट काढू दिला नाही. मी हे सगळं पाहत होतो आणि माझा गोंधळ वाढत होता. ज्या माणसानं गावाला कोट काढायला शिकवायचं म्हणून डोकं खपवलं, त्यानंच एका वाक्यानं सगळ्या गावाला कोटात शिवून टाकलं होतं.

आणि स्वतःलाही. दुसऱ्या दिवसापासून मास्तर कोट घालून वर्गात शिकवायला लागले. ते 'टेक ऑफ'चं वाक्य बंद झालं. नदी बंद झाली, नांगर बंद झाला. हात अंगाशी, पुस्तक हातात, धडा वाचायचा आणि अर्थ सांगायचा. तट्ट्यापलीकडून आवाज येईना. माझे अपूर्णांक आता शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू जात होते आणि मला शिकवावंसं वाटत नव्हतं. ती शांतता मला सहन होईना. शाळा सुटताना त्यांची पोरं गुपचूप बाहेर पडायची, आणि त्यांच्या मागून मास्तर, म्हातारे दिसायला लागलेले.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी नोकरी सोडली. पानशेतच्या बाजूला, त्यांच्या वाडीपासून जवळ, देवळात एक शाळा भरायची. तिथे मुळाक्षरं शिकवायला माणूस हवा होता. इंग्रजी नाही, भोरची निम्मीसुद्धा मिळकत नाही. मुलीचं लग्न लांबलं. मास्तरीणबाईंनी या वेळी नुसती भांडी पोत्यात भरायला घेतली. मला राहवलं नाही. मी मास्तरांना म्हणालो, "अहो, हे काय चाललंय? हेडमास्तर आता तुम्हाला एक शब्द बोलत नाहीत. तुम्ही कोट काढलात तरी ते बोलायचे नाहीत. मग काढा की. जाता कशाला?"

मास्तर दोरी वळत होते. "काडला तर पोरं इचारतील, मग त्या दिशी का न्हाई काडला," ते म्हणाले. "आन् पोरं हुशार हायती. म्याच शिकवल्याती. शोधून काडत्याल."

"आणि काढलं शोधून तर? त्या माणसानं तुमची नोकरी घ्यायला कमी केलं होतं का?"

"कुनाचा कोट त्येनं सोताच काडायचा असतोय, गनितमास्तर. दुसऱ्यानं वडला, की त्ये कोट काडनं न्हवं." मग जरा थांबून म्हणाले, "आन् ह्यो घालून मला शिकवाया येत न्हाई, त्ये तुमी ऐकलंच की तट्ट्यापलीकडनं."

ते गेले. मला त्यांचा राग आला होता, हे स्पष्टच सांगतो. इतकं करायची काही गरज नव्हती असं मला वाटत होतं, आणि घर रिकामं झाल्यावर मी त्या रिकाम्या सोप्यात बसून रडलो, हेही सांगतो.

पुढच्या सोमवारी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "का गेले ते? आता तर कोट घालत होते. मी त्यांना काही बोललोही नव्हतो. तुम्ही त्यांच्या घरात राहता, तुम्हाला माहीत असेल."

आडवळणानं बोलायचं मला जमत नाही. मास्तर जे म्हणाले होते तेच मी त्यांच्या शब्दांत सांगितलं, पोरं शोधून काढतील, इथपर्यंत. हेडमास्तरांनी टेबलावरची दौत सरळ केली. पुन्हा सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी पाहिलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीही."

घंटा झाली. तास इंग्रजीचा होता, आणि मास्तरांच्या वर्गाला शिकवायला कोणी नव्हतं. हेडमास्तर उठले आणि त्या वर्गाकडे गेले. मी माझ्या वर्गात जाऊन उभा राहिलो, पण तट्ट्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. ते पोरांसमोर जरा वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी गुंड्या काढल्या, कोट काढला, घडी करून टेबलावर ठेवला. पुढून ते नेहमीसारखेच दिसत होते, कॉलर, कफ, सगळं जागच्या जागी. त्यांनी खडू उचलला आणि ते फळ्याकडे वळले.

सबंध पाठ उघडी होती. कॉलरीखाली दोन पट्ट्या उरल्या होत्या तेवढ्याच. त्यांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली, अक्षर वेडंवाकडं येत होतं, आणि ते लिहीतच राहिले, वळायचं धैर्य होईना म्हणून. वर्ग भरलेला होता, साठ-सत्तर खोड्याळ पोरं. मी फटीशी हसू फुटायची वाट पाहत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पानशेतकडे गेलो, मुद्दाम हे सांगायला गेलो. वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढे डोंगरातून पायी. देवळाच्या पायरीवर मास्तर उघड्या अंगानं बसले होते आणि आत, तिथल्या शाळेला दिवाळीची सुट्टी नसल्यानं, पोरं बाराखडी घोकत होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, हेडमास्तर काय म्हणाले, कोट कसा काढला, फळ्याकडे कसे वळले.

मास्तर पुढे वाकून ऐकत होते. "मग?" ते म्हणाले.

"मग काही नाही. एकही पोरगं हसलं नाही. ते लिहीत होते आणि पोरं पाहून उतरून घेत होती."

"मागल्या बाकावरची?"

"मागल्या बाकावरचीसुद्धा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले आणि ते उठून देवळात गेले. बाराखडी थांबली.

"जावा रं घरला," आतून त्यांचा आवाज आला. "आज सुट्टी."

पोरं पाट्या घेऊन बाहेर आली आणि पायरीवर घुटमळत एकमेकांना विचारू लागली, की आज कशाची सुट्टी. मास्तरांनी त्यांना ते सांगितलं नाही.